के-अकराचं नाक

१३ मे २०२४, सोमवार, हॅमिल्टन, कॅनडा

वही पुन्हा सुरू करते आहे. मागची नोंद जानेवारीतली. आज बैठकीत जे झालं ते पुढे मला सोयीनुसार वेगळं आठवू नये, एवढंच कारण.

विषय: चिसोम्बो पट्टा, झांबिया. तिथली व्यवस्था सात वर्षांपासून अशी आहे. वर्षाला जास्तीत जास्त दोन सिंहांच्या शिकारीची परवानगी. फक्त नर, फक्त सहा वर्षांवरचे. सहाव्या वर्षापर्यंत नराची एक तरी पिलावळ मोठी झालेली असते, त्यामुळे तो गेला तरी कळप टिकतो. चार वर्षांचा मारला तर त्याच्या जागी नवे नर येतात आणि ते आधीची पिल्लं मारून टाकतात. म्हणजे एका गोळीत पाच-सहा जातात. शिकारीतून येणाऱ्या रकमेवर गावाचं रखवालदार पथक चालतं, बत्तीस माणसं. ही व्यवस्था नव्हती तेव्हा सिंहाने गाय मारली की लोक त्याच गाईवर विष टाकत. २०१७ मध्ये पट्ट्यात १९ सिंह होते. गेल्या वर्षी ३४. हे मी मोजलेले आहेत.

वय नाकावरून ठरतं. सिंहाचं नाक लहानपणी गुलाबी असतं, वयाबरोबर त्यावर काळे ठिपके वाढत जातात. साठ टक्के काळं म्हणजे सहाच्या आसपास. शिकारी कंपनी आमिषाजवळच्या कॅमेऱ्यातले फोटो पाठवते, आम्ही इथे, संस्थेत, नाक मोजतो, अठ्ठेचाळीस तासांत उत्तर देतो.

आज कंपनीची तक्रार आली. आमचा तिथला माणूस राजस. तो आपल्या आवडत्या सिंहांची वयं कमी सांगतो म्हणे. "याचे लाडके कायम पाच वर्षांचेच असतात," हे वाक्य मार्गरेटने, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, वाचून दाखवलं. दोघंतिघं हसले. मग मागून कोणीतरी म्हणालं, की नियम लिहिणारी आणि रानातला माणूस लवकरच एका घरचे होणार आहेत, त्याचंही बघायला हवं.

खरं आहे. डिसेंबरमध्ये नागपूरला आमचं नोंदणी लग्न आहे.

मी हात वर केला आणि आंधळ्या मोजणीची पद्धत सुचवली. फोटोवरून जागा, तारीख, ओळख सगळं काढायचं. नाकाभोवतीचा भाग कापून टाकायचा. प्रत्येकाला एक कोड. मोजणाऱ्या दोघींनी स्वतंत्र मोजायचं, दोन्ही आकडे साठच्या वर असले तरच होकार. आणि क्षेत्र-निरीक्षकाचं मत कोणत्याही टप्प्यावर घ्यायचं नाही.

पाच मिनिटांत मंजूर झालं. पद्धत चांगली आहे.

१५ मे, बुधवार

राजसला फोन केला. त्याच्याकडे दुपारचे तीन, माझ्याकडे सकाळचे नऊ. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

मी कलमं वाचून दाखवली. शेवटच्या कलमावर तो थांबला.

"म्हणजे माझे डोळे नकोत तुला?"

"तुझे म्हणून नाही. निरीक्षकाचे."

"इथे दुसरा निरीक्षक कोण आहे गं? कोंबड्या?"

मी म्हटलं, ही तुझ्याच सोयीची गोष्ट आहे, उद्या कोणी तुझ्यावर बोट ठेवू शकणार नाही. तो म्हणाला, "अगं, तिट्याला चार वर्षंही पूर्ण व्हायची आहेत. ते मला त्याच्या नाकावरून नाही कळलं, तुझ्या वहीवरून माहीत आहे. तूच लिहिलंस." मी म्हटलं, तिट्या कंपनीच्या यादीत कधी आलाच तर पद्धत त्याला आपोआप वगळेल. वय कमी असेल तर नाक ते सांगेलच.

"सांगेल ना नाक?" तो म्हणाला. मग पथकाच्या जीपचं काहीतरी बोलला आणि ठेवला.

तिट्या म्हणजे २०२० चं पिल्लू. विमानं बंद झाली तेव्हा मी सात महिने चिसोम्बोच्या तळावर अडकले होते. सप्टेंबरात वणवा आला आणि तीन पिल्लांतल्या लहान नराचं नाक डावीकडे भाजलं. जखम भरली, काळा डाग राहिला. राजस म्हणाला, "बघ, आईने तीट लावली. आता याला कोणाची दृष्ट लागत नाही." मी म्हटलं होतं की नोंदीत नावं नसतात. नोंदीत तो अजूनही एन-२०-०३ आहे.

राजस नाराज आहे असं वाटत नाही. कामाचा ताण असावा.

२० मे, सोमवार

व्हिक्टोरिया डेची सुट्टी. बेसमेंटमधलं हीटिंग अजून चालू ठेवावं लागतंय. बाबांचा फोन. ते पेंचच्या बाजूला एकतीस वर्षं वनपाल होते, आता निवृत्त.

"काय करून राहिली?"

नवी पद्धत सांगितली.

"आमच्या रेंजमध्ये एक वाघ मेला तं चार दिवस चौकशी चाले. नखं मोजत, मिशा मोजत. मेल्यावर. तुम्ही तं जिवंतपणीच मोजून राहिले."

मी नेहमीचं उत्तर दिलं. भारताचा कायदा वेगळा, तिथली जमीन वेगळी. सिंह जिवंत राहण्यात गावाला काही मिळत नसेल तर सिंह राहत नाही. १९ चे ३४ झाले, बाबा.

"ते मी मानतो," ते म्हणाले. "गाववाल्याले काही भेटलं पायजे. आम्ही त्यायले काठीच दाखवली आयुष्यभर, ते चुकलंच. पण ज्याले ते जनावर ओळखू येते त्यालेच बाजूले करायचं, हे कोणतं शास्त्र व्हय?"

मी म्हटलं, ओळख असली की माणूस आकडे वाकवतो.

"जावईबापू वाकवते का?"

"मी असं म्हटलं नाही."

"त्यालेही असंच सांगितलं का तू?"

मग आईने फोन घेतला. साड्यांचं विचारत होती.

२० ऑगस्ट, मंगळवार

के-९ ते के-१२ आले. दुसरी मोजणारी ऋचा. मुंबईची, माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. ती प्रत्येक नाकाशी बोलते.

"हा बघ, के-टेन. टोटल म्हातारा. याला पेन्शन द्या रे कोणीतरी."

के-९ नाकारला. के-१० दोघींनी वर दिला, पण फोटो हललेला होता म्हणून परत पाठवला. के-१२ साठच्या बराच खाली, नाकारला.

के-११ वर मतभेद. माझे ६४, तिचे ५७. तीनदा मोजून तिचे ५७ च.

"मला हा यंग वाटतो गं. आय डोन्ट नो. उजवी साइड बघ, किती गुलाबी आहे."

मी दाखवलं की डाव्या नाकपुडीवरचा सलग काळा भाग तिने अर्धाच धरला आहे. कड मऊ असल्यामुळे तिने त्याला सावली समजून सोडलं होतं. सावली नाही, रंगच आहे. फोटो मोठा करून दाखवला.

"पण इतका सलग? ठिपके कुठे आहेत याच्यात?"

"ठिपके जवळ आले की सलगच होतात."

"ओके बाबा, तू डॉक्टर." तिने पुन्हा मोजलं, ६२ आले.

दोन्ही साठच्या वर. नियमाप्रमाणे होकार.

के-११ चा फोटो मी संध्याकाळी घरी जाण्याआधी पुन्हा एकदा उघडला. का ते सांगता येत नाही. आकडा तोच आला.

२२ ऑगस्ट, गुरुवार

उत्तर पाठवलं. ऋचाबरोबर कूट्सच्या पाणथळीपर्यंत चालत गेले. बगळे होते. तिने विचारलं, राजस काय म्हणतोय, बोलणं होतं का? आठवड्यातून एकदा होतं, मी म्हटलं. त्याला पीआरच्या, म्हणजे इथल्या कायमच्या वास्तव्याच्या, अर्जासाठी पोलिसांचा दाखला हवा आहे, तो लुसाकाला जाऊन काढणार होता. अजून गेलेला नाही.

३० ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी सव्वासहाला राजसचा फोन. बा मुलेंगा त्याच्यासोबत होते. पथकाचे प्रमुख, साठीचे. तिथे मोठ्या माणसाच्या नावाआधी 'बा' लावतात. कातडी सोलायच्या शेडवर पथकाचा एक माणूस हजर असावा लागतो, काल तिथे ते होते.

राजसने फोन त्यांच्याकडे दिला. ते सावकाश इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, गुड मॉर्निंग. तुमच्या घरचे सगळे बरे आहेत ना?" मी म्हटलं, बरे आहेत. तिथे हे विचारल्याशिवाय पुढचं बोलत नाहीत. मग ते म्हणाले, "मॅडम, तो आपला लहान मुलगा आहे. ज्याचं नाक जळलं होतं तो."

मी कोड विचारला.

के-११.

मूळ फोटो, न कापलेला, कार्यालयाच्या संगणकावर होता. आठला जाऊन उघडला. आयाळ अर्धवट, मानेवर तुटक. पुढच्या पायांवर पिल्लासारखे ठिपके अजून दिसतात. कोणीही सांगेल. कापलेल्या चौकोनात यातलं काही नव्हतं, कारण काही असू नये असं मी लिहिलं होतं.

मोजायचा प्रोग्राम उघडला. डाग वगळून पुन्हा मोजायला हवं होतं. बंद केला.

३१ ऑगस्ट, शनिवार

कपडे धुतले. फ्रिज साफ केला. राजसला तीन मेसेज लिहिले. पाठवले नाहीत.

१० सप्टेंबर, मंगळवार

राजसशी पहिल्यांदा नीट बोलणं झालं. तो शांत होता. म्हणाला, ज्या गाईडने शिकार करवली त्याचा दोष नाही, त्याच्याकडे आपलाच कागद होता. सहा वर्षं, दोन मोजणाऱ्या, सही. "त्याने मला कागद दाखवला. तुझी सही छान आहे."

मी विचारलं, मागे किती पिल्लं आहेत. चार, तो म्हणाला. दोन माद्यांची. नदीपलीकडचे दोन नर कालपासून अलीकडे ओरडतायत.

"मी माफी मागते," मी म्हटलं.

"कोणाची?"

फोन चालू राहिला. बारा मिनिटं, फोनवर दिसतात ती.

२४ सप्टेंबर, मंगळवार

दाताचा एक्स-रे आला. मेलेल्या सिंहाचं वय दातावरून तपासतात, आतली पोकळी वयाबरोबर बुजत जाते. माझं मोजमाप: ४.८ वर्षं. त्रुटी धरून ४.१ ते ५.६.

आता नियम. सहाच्या खालचा मारला गेला पण पाच पूर्ण असतील तर पुढच्या वर्षी दोनाऐवजी एक. पाचच्या खालचा असेल तर पुढच्या वर्षी शून्य. हे कलमही माझंच आहे, २०२१ मधलं. त्यामुळे कंपन्या जपून वागतात. त्यानंतर चिसोम्बोत पाचच्या खालचा एकही मारला गेला नव्हता.

फक्त दात पाहिला तर "पाचच्या खाली असल्याचं खात्रीने सांगता येत नाही" असं लिहिता येतं. ते खोटं नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

राजसचा फोन. माझी वाट न बघता त्याने केला.

"दात किती दाखवतोय?"

"४.८. कमीजास्त."

"मग पाच लिही."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"पाच लिही," तो पुन्हा म्हणाला. "एक परवाना राहू दे. शून्य झालं तर कंपनी इथे राहणार नाही, एवढ्या लांब ती रानम्हशी मारायला येत नाही. कंपनी गेली की पथक गेलं. पथक गेलं की काय होतं ते तुला माहीत आहे, तो तक्ता तूच काढलायस."

"त्याचं खरं वय चार वर्षं तीन महिने आहे."

"हो. आणि ते तुला कसं माहीत?"

"वहीवरून."

"वही म्हणजे क्षेत्र-निरीक्षक. तो चालत नाही. तुझंच कलम." तो हसला असावा. "अगं, तो माझा होता. मी त्याला दोन हातांत धरलाय, वणव्याच्या दिवशी. मी सांगतोय तुला, पाच लिही. तिट्या गेला. बाकीचे राहू देत."

मी विचार करते म्हटलं.

"विचार करू नकोस," तो म्हणाला. "एकदा तरी."

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. ऋचाने श्रीखंड आणलं, दुकानातलं. तिला सगळं सांगितलं. ती आधी बराच वेळ चमचा चाटत बसली.

"तर तू म्हणतेस, एक, पाच लिहिलं तर खोटं नाही. दोन, लिहिलं तर लायन्स वाचतात. तीन, तुझा होणारा नवरा हात जोडतोय. मग प्रॉब्लेम काय आहे, यार?"

"खरं वय मला माहीत आहे."

"तुला माहीत आहे म्हणून काय झालं? जगाला मेमो पाठवणार?"

मी म्हटलं, या व्यवस्थेवर विश्वास ठेवणारे आकड्यावर विश्वास ठेवतात. आधीच अर्धं जग म्हणतं की शिकारवाले आणि मोजणारे मिळालेले आहेत. मी इथे पाच लिहिलं तर ते बरोबर ठरतात. मग एक पट्टा नाही, सगळेच पट्टे जातात.

ऋचा म्हणाली, "हे तू स्वतःला समजावतेस की मला?" मग म्हणाली, "५७ होते माझे. मी बदलायला नको होते."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिचा दोष नाही असं मी सांगितलं. आकडेवारीने पाहिलं तरी नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

थँक्सगिव्हिंगची सुट्टी. ट्रंकेतून २०२० ची वही काढली.

११ ऑगस्ट: "मोठ्या नाल्याजवळ मादीसोबत तीन पिल्लं. वय अंदाजे दहा आठवडे. दोन मादी, एक नर."

२७ सप्टेंबर: "वणवा. नराची डावी नाकपुडी भाजली, साधारण दोन सेंमी. र. ने गोणपाटात गुंडाळून बाहेर काढलं, हात भाजून घेतले. हे करायला नको होतं, मादी जवळच होती. मी ओरडले. तो म्हणाला, तीट लागली."

अक्षर माझंच. पानाला अजून धुराचा वास आहे असं वाटलं. चार वर्षांत राहणं शक्य नाही.

दोन्ही पानं स्कॅन केली. अहवालात लिहिलं: दातावरून ४.८, प्रत्यक्ष नोंदीवरून ४ वर्षं ३ महिने, प्रत्यक्ष नोंद ग्राह्य धरावी. मोजणीतली चूक माझी. दुसऱ्या मोजणाऱ्या व्यक्तीचा पहिला आकडा बरोबर दिशेचा होता, तो माझ्या सांगण्यावरून बदलला गेला. पद्धतीत क्षेत्र-निरीक्षकाला वगळण्याची सूचना माझी होती. ती रद्द करावी.

दुपारी दोनला पाठवलं. प्रत राजसला.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

राजसचं उत्तर, पूर्ण:

"त्याचा जीव वाचणार होता तेव्हा ही वही चालत नव्हती. आता चालली."

९ नोव्हेंबर, शनिवार

विंटर टायर्स लावून घेतले. पुढच्या वर्षीसाठी चिसोम्बोला शून्य. मार्गरेटने माझ्या प्रामाणिकपणाबद्दल सगळ्यांना ईमेल पाठवली. मी पुढच्या मोजण्यांतून स्वतःला काढून घेतलं आहे, आता फक्त गणनेचं काम करते.

नागपूरचं तिकीट रद्द केलं. राजसने लग्न मोडलं असं म्हणता येणार नाही. त्याने लिहिलं, डिसेंबरात पथकाचा शेवटचा महिना आहे, त्याला तिथून हलता येणार नाही. मी लिहिलं, समजू शकते. त्यापुढे कोणी काही लिहिलं नाही. पोलिसांच्या दाखल्याचा विषय निघाला नाही.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "थंडी पडली का तिकडं?"

पडली, मी म्हटलं.

"स्वेटर घालत जा."

१२ जानेवारी २०२५, रविवार

ड्राइव्हवेवरचा बर्फ दोनदा शोव्हल केला, घरमालकांना पाठीचा त्रास आहे. कंपनीने पट्टा सोडल्याचं पत्र शुक्रवारी आलं. बत्तीसपैकी पाच जण उरलेत, तेही बिनपगारी. बा मुलेंगा त्यांतले एक. राजस त्यांच्या घरी राहतो, तळ बंद झाला. हे मला राजसने नाही, मार्गरेटने सांगितलं.

चार पिल्लांपैकी एकही नोव्हेंबरच्या गणनेत दिसलं नव्हतं. हे मी इथे आधी लिहायला हवं होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बा मुलेंगांचा आवाजी संदेश. आधी हवामान विचारलं, घरचे विचारले. मग म्हणाले: नव्या नरांनी गावात दोन बैल मारले. कोणी कोणाला काही बोललं नाही. पहाटे बैलाभोवती आठ सिंह पडलेले सापडले. गिधाडं वेगळी, ती मोजली नाहीत. पिकांवर फवारतात ते औषध होतं. "आमच्याच लोकांनी केलं, मॅडम. मी त्यांना ओळखतो. त्यांतला एक पथकात होता." आठांत तिट्याच्या दोन्ही बहिणी आहेत. राजसने त्यांना पुरलं, नाहीतर खाणारे आणखी मेले असते. दोन दिवस खणत होता. "त्याने तुम्हाला सांगू नका म्हटलं होतं. पण मोजणी तुमच्याकडे असते."

३४ वजा १, वजा ४, वजा ८. उरले २१.

पहिल्या वेळी मी नियम पाळला. दुसऱ्या वेळी मोडला. दोन्ही वेळा मला आपलं बरोबरच वाटत होतं.

गणितात कुठे चूक आहे ते रोज बघते. पाच लिहिलं असतं तर? पथक राहिलं असतं, बहुतेक. राजसला मे महिन्यात विचारलं असतं तर पाचाचा प्रश्नच आला नसता. बाबा म्हणतात शिकारच नको होती. पण शिकार नव्हती तेव्हा १९ होते आणि शिकार थांबल्यावर एका रात्रीत आठ गेले, हेही त्याच तक्त्यात आहे. तक्ता कोणाच्याच बाजूने बोलत नाही.

राजसला लिहिलं: "हातांना काही झालं नाही ना?" त्या औषधाने कातडी जळते.

वाचल्याची खूण आली.

३ ऑगस्ट, रविवार

सहा महिने लिहिलं नाही. शुक्रवारी ऋचा माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली.

"सांगू की नको कळत नाहीये. तुझा के-इलेव्हन इकडे आलाय. व्हिटबीला. ज्याने मारला तो ऑन्टॅरियोचा आहे, त्याचा टॅक्सिडर्मिस्ट, मेलेली जनावरं भरून उभी करणारा, तिथे बसतो. आयातीच्या कागदाची कॉपी आलीय आपल्याकडे."

कागद पाहिला. वजन, पेटीचं माप, कोड.

"जाणारेस?" तिने विचारलं.

मी म्हटलं, नाकाचं प्रत्यक्ष मोजमाप आमच्या नोंदीत कधी झालेलं नाही. तांत्रिकदृष्ट्या ते व्हायला हवं.

"हो," ऋचा म्हणाली. "तांत्रिकदृष्ट्या."

९ ऑगस्ट, शनिवार

युनियन स्टेशनवर गाडी बदलून व्हिटबी. स्टेशनपासून टॅक्सी. घरामागे मोठं गॅरेज, आत स्वच्छ, लाकडाचा आणि डिंकाचा वास. मालक सत्तरीचे. मी फोनवर वेळ घेतली होती आणि मोजमापाचं खरं सांगितलं होतं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. स्वतः मूस, इथलं मोठं सांबर, मारतात, वर्षाला एक, म्हणाले. फ्रीजर भरतो, हिवाळा निघतो.

तिट्या पाठीमागच्या भिंतीशी उभा होता. पूर्ण शरीर, डावा पाय जरा पुढे. आयाळ विंचरलेली. पुढच्या पायांवरचे ठिपके तसेच आहेत. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान आहे.

मी पट्टी आणि कॅमेरा काढला. नाकाजवळ गेले.

डाग नव्हता.

म्हातारे मागून म्हणाले, "नाकाचा रंग कधीच टिकत नाही. सगळ्यांचं मला रंगवावं लागतं. याच्या डाव्या बाजूला भाजल्याची वाईट खूण होती. गिऱ्हाईकाला विचारलं, तो म्हणाला काढून टाका. मग उजव्या बाजूचे फोटो घेतले आणि डावी तशीच केली. एकेक ठिपका ब्रशने. बरं जमलंय ना?"

चांगलं जमलं होतं. त्यांचा हात बारीक आहे.

मी फोटो घेतला. लॅपटॉप उघडला, त्यांच्या कामाच्या टेबलावर, ब्रशांच्या शेजारी. कड आखली. काळा भाग ३१ टक्के. पद्धतीप्रमाणे वय: चार वर्षं, कमीजास्त चार महिने. पद्धत बरोबर आहे.

आकडा लिहून घेतला. पेन खाली पडलं, ते त्यांनी उचलून दिलं. खुर्ची सरकवली आणि पाण्याचा ग्लास आणून ठेवला. मग बराच वेळ दुसरीकडे बघत ब्रश धूत बसले.

"तुमच्या ओळखीचा होता का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं.